घरातील जुन्या पत्रांचे दफ्तर कसे लावावे: क्वेकर कुटुंबांच्या संग्रहांवरून घेण्यासारखे काही

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतील जुन्या घरांमध्ये वाडवडिलांची पत्रे अजूनही पुष्कळ आहेत. कोठे ती रुमालात बांधलेली असतात, कोठे पत्र्याच्या ट्रंकेत, तर कोठे खुंटीला अडकवलेल्या तारेत ओवलेली. वाडा पाडून इमारत उभी राहते किंवा भावाभावांत वाटण्या होतात, तेव्हा जमिनीचे कागद आणि दागिने नीट मोजून घेतले जातात. पत्रे मात्र तीन घरांत विखुरतात, नाहीतर रद्दीत जातात. असे एखादे पुडके ज्यांच्या हाती आले आहे त्यांनी ते कसे उघडावे, कसे लावावे, त्याची यादी कशी करावी आणि शेवटी ते कोणाकडे सोपवावे, हे येथे सांगायचे आहे. नमुना म्हणून इंग्लंड व अमेरिकेतील क्वेकर कुटुंबांचे पत्रसंग्रह घेतले आहेत. त्या संग्रहांत राजे किंवा सेनापती यांच्यापेक्षा व्यापारी, शेतकरी, शिक्षक आणि मुख्य म्हणजे घरातील स्त्रिया अधिक आहेत, आणि त्यांची साधी, घरगुती पत्रे साडेतीन शतके जपली गेली आहेत.

आपल्या भागाला कागद जपण्याची परंपरा नाही असे मुळीच नाही. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे यांनी शाळेतील नोकरी सांभाळून पटवर्धनांच्या दफ्तरांवर आयुष्य खर्च केले. साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी ऐतिहासिक संग्रहालय उभे केले आणि मेणवलीचे नाना फडणीसांचे दफ्तर त्यात आणले. परंतु हे सारे काम राजकारणाच्या कागदांचे होते. आजीने माहेरी लिहिलेले पत्र, मुंबईच्या गिरणीतून गावी आलेले कार्ड, कर्ज फेडल्याची कळवणूक, आजारपणाची हकिगत यांना दफ्तर म्हणावे असे फारसे कोणाला वाटले नाही. माझ्या मते आता जपण्याची खरी निकड याच कागदांची आहे, कारण सरदारांच्या पत्रांची नक्कल कोठे ना कोठे असते, या पत्रांची मात्र दुसरी प्रत नसते.

क्वेकर समाजाविषयी थोडी माहिती

सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हा ख्रिस्ती पंथ सुरू केला. त्याचे औपचारिक नाव ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’ असे आहे. मूळ परंपरेत उपाध्याय नाही, उपासना पुष्कळशी मौनात होते, आणि समाजाचा कारभार मासिक, त्रैमासिक व वार्षिक सभांतून चालतो. या सभांची इतिवृत्ते काटेकोरपणे लिहिली जात आणि जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदीही ठेवल्या जात. स्त्रियांच्या सभा बराच काळ वेगळ्या भरत व त्यांची इतिवृत्ते स्त्रियाच लिहीत. पंथाबाहेर लग्न करणाऱ्याचे सदस्यत्व एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काढून घेतले जाई, त्यामुळे गर्नी, बार्कले, फ्राय अशी घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांची सोयरी होत गेली. पुरुषांप्रमाणे स्त्रियाही धर्मोपदेशासाठी महिनोन्‌महिने घराबाहेर प्रवास करीत. इतके नातेसंबंध, इतके प्रवास आणि लिहिण्याची इतकी शिस्त एकत्र आल्यावर पत्रांचा साठा मोठा झाला यात नवल नाही.

हा साठा टिकला तो सवयीमुळे. लंडनमधील क्वेकरांनी १६७३ मध्ये ठरवले की आपल्या लोकांनी लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती आणि आपल्या विरोधात लिहिलेल्या प्रत्येकाची एक प्रत ठेवायची. त्यातूनच त्यांचे ग्रंथालय उभे राहिले. ते आज युस्टन रोडवरील फ्रेंड्स हाउसमध्ये आहे. विरोधकांचे लिखाणही जपायचे, हा त्यातील भाग घरगुती दफ्तर लावणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावा. भाऊबंदकीच्या भांडणातील पत्रे आपल्याला नकोशी वाटतात म्हणून काढून टाकू नयेत.

पुडके उघडण्यापूर्वी

पुडके हाती येताच लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे सुतळी सोडून सगळी पत्रे जमिनीवर पसरणे आणि ती तारखेप्रमाणे लावू लागणे. हे करू नये. पत्रे ज्या क्रमाने व ज्या गटात ठेवली गेली, तो क्रम हीसुद्धा माहिती असते, आणि एकदा मोडला की तो परत मिळत नाही. तारेत ओवलेल्या पत्रांत तळाचे पत्र सर्वांत जुने आणि वरचे सर्वांत नवे असते. म्हणून मधल्या एखाद्या बिनतारखेच्या कार्डाचा काळ त्याच्या वरच्या-खालच्या पत्रांवरून ठरवता येतो. एकाच रुमालात लग्नाच्या याद्या, आहेराची वही आणि चार पत्रे असतील, तर ती पत्रे त्या लग्नाशी निगडित आहेत असे मानण्यास आधार मिळतो. ती पत्रे काढून ‘पत्रे’ नावाच्या फाइलीत घातली की हा आधार संपला.

याचे उत्तम उदाहरण क्वेकरांच्या अगदी आरंभीच्या पत्रांत आहे. इंग्लंडच्या वायव्य भागातील स्वॉर्थमूर हॉल या घरात राहणाऱ्या मार्गारेट फेल हिच्याकडे १६५० नंतरच्या काळात ठिकठिकाणी फिरणारे उपदेशक पत्रे पाठवीत. कोण तुरुंगात आहे, कोणाला पैशाची गरज आहे, कोठे सभा भरली, हे सारे तिला कळवले जाई. तिने ती ठेवली, आणि पुढे जॉर्ज फॉक्सने त्यांतील अनेक पत्रांच्या पाठीवर स्वतःच्या हाताने टिपा लिहिल्या. सुमारे १,४०० पत्रांचा हा साठा आज लंडनच्या ग्रंथालयात आहे. पत्रे वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेली असली तरी ती एका घरात एकत्र आली, म्हणून त्यांचा संग्रह त्या घराच्या नावाने ओळखला जातो. लिहिणाऱ्याप्रमाणे ती वेगळी केली असती तर त्या स्त्रीने चालवलेले संपर्काचे काम कोणाला दिसलेच नसते. आपल्याकडेही पत्रांच्या पाठीवर आजोबांनी ‘उत्तर दिले’, ‘पैसे पोचले’ असे लिहून ठेवलेले असते. हा मजकूर पत्राइतकाच महत्त्वाचा आहे, तो खोडू नये आणि स्कॅन करताना वगळू नये.

म्हणून प्रथम बंद पुडक्याचे सर्व बाजूंनी मोबाइलवर फोटो घ्यावेत. ते कोणाच्या घरी, कोणत्या खोलीत, कशात सापडले आणि कोणी दिले, हे एका पक्क्या बांधणीच्या वहीत लिहावे. मग गाठ सोडून वरपासून एकेक कागद उचलावा आणि त्याच क्रमाने मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात क्रमांक टाकावा. पहिल्या रुमालातील सातवे पत्र असेल तर १/७ असे पुरते. पेनाने किंवा शिक्क्याने क्रमांक कधीही टाकू नये. पाकीट आणि पत्र यांना एकच क्रमांक द्यावा व पाकीट फेकू नये. गंजलेल्या टाचण्या, रबरबँड आणि स्टेपल हलक्या हाताने काढावेत. टाचणीने जोडलेले कागद तसेच एकत्र राहतील अशी त्यांची घडी साध्या पांढऱ्या कागदात ठेवावी. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नये, फेविकॉल लावू नये, आणि लॅमिनेशन तर कोणत्याही परिस्थितीत करू नये, कारण त्यातून कागद पुन्हा सुटा काढता येत नाही. ज्यांना मोडी वाचता येत नाही त्यांनीही हे सर्व काम करावे. वाचन पुढे जाणकाराकडून करून घेता येते.

माणसे ओळखणे

दफ्तर लावण्यात सर्वांत अधिक वेळ नावांत जातो, आणि तो द्यावा. डार्बी या क्वेकर घराण्यात ॲब्रहॅम हेच नाव पिढ्यान्‌पिढ्या चालले. इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथील लोखंडाचा कारखाना आजोबा, मुलगा, नातू अशा तीन ॲब्रहॅम डार्बींनी चालवला आणि १७७९ चा प्रसिद्ध लोखंडी पूल तिसऱ्याच्या काळातला. नुसते ‘ॲब्रहॅम’ असे लिहिलेल्या पत्राचे काय करावे, हा प्रश्न त्यांच्या दफ्तरदारांना पडतो तसाच तो आपल्यालाही पडतो, कारण आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल आपल्याकडेही आहे. त्यात आपली अडचण अधिक मोठी आहे. प्रत्येक घरात एक नाना, एक तात्या, एक अण्णा आणि एक आक्का असते, आणि पत्राखाली सहीच्या जागी ‘तुझी आक्का’ एवढेच असते. पुन्हा लग्नात मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण पुष्कळ घरांत पहिले नावही बदलते. तुरुंगसुधारणेसाठी प्रसिद्ध असलेली क्वेकर एलिझाबेथ गर्नी लग्नानंतर एलिझाबेथ फ्राय झाली तरी तिचे माहेर शोधणे सोपे आहे. आपल्याकडची द्वारका सासरी जाऊन लक्ष्मीबाई झाली की तिची माहेरची व सासरची पत्रे दोन वेगळ्या बायकांची वाटतात.

यावर उपाय असा की पत्रांच्या यादीआधी माणसांची यादी करावी. तीत प्रत्येक व्यक्तीचे माहेरचे पूर्ण नाव, सासरचे पूर्ण नाव, घरात हाक मारायचे नाव, कोण कोणाला त्या नावाने हाक मारी, गाव, आणि ठाऊक असल्यास जन्ममृत्यूची वर्षे असावीत. हाक मारणारा बदलला की नाव बदलते, ही गोष्ट या यादीत उतरली पाहिजे: एकाचा काका तो दुसऱ्याचा बापू असतो. घरातील वडीलधाऱ्यांना ही यादी वाचून दाखवावी आणि ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, सांगणाऱ्याच्या नावासह टिपावे. हे काम पत्रांच्या वाचनापेक्षाही आधी करावे असे मला वाटते, कारण कागद आणखी दहा वर्षे थांबू शकतो, ऐंशी वर्षांच्या आत्याबाई थांबतील याची खात्री नाही.

तारखा

क्वेकर पत्रांत तारीख वाचताना अनेकांची फसगत होते. वारांची व महिन्यांची प्रचलित इंग्रजी नावे मूर्तिपूजकांच्या देवतांवरून आली आहेत म्हणून क्वेकर ती वापरीत नसत. ते रविवारला पहिला वार म्हणत आणि महिन्यांनाही क्रमांक देत. परंतु इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू होई आणि मार्च हाच पहिला महिना धरला जाई. त्यामुळे ‘बारावा महिना, १७०१’ असे लिहिलेले पत्र आपल्या हिशोबाने फेब्रुवारी १७०२ चे असते. १७५२ पासून जानेवारी हा पहिला महिना झाला, आणि त्याच वर्षी नवी दिनदर्शिका आल्याने २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. चांगला दफ्तरदार अशा वेळी पत्रातील तारीख जशीच्या तशी उतरवतो आणि तिच्या पुढे चौकटी कंसात आजची तारीख देतो. मूळ तारीख बदलून टाकत नाही.

आपण हीच पद्धत ठेवावी. ‘माघ वद्य ३, शके १८४२’ असे असेल तर ते तसेच लिहून पुढे [१९२१] असे टाकावे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण मार्गशीर्षाच्या उत्तरार्धात किंवा पौषात कोठेतरी इंग्रजी वर्ष बदलते, म्हणून माघ-फाल्गुनातील पत्रांना ७९ मिळवावे लागतात आणि मार्गशीर्ष-पौषातील प्रत्येक तारीख पंचांगावरून पडताळावी लागते. उत्तरेकडून आलेल्या पत्रांत महिना पौर्णिमेला संपतो असे धरलेले असू शकते. तेथे वद्य पक्षातील तिथीचा महिना आपल्या महिन्यापेक्षा एकाने पुढचा दिसतो. अधिक जुन्या मोडी कागदात शुहूर सन (मराठेशाहीच्या कागदांतील कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६०० मिळवावे.

तारीखच नसेल तर कागदाकडे पाहावे. टपालाचा शिक्का वाचता आला तर उत्तमच. पाव आण्याचे पोस्टकार्ड हिंदुस्थानात १८७९ मध्ये सुरू झाले, म्हणजे कार्ड त्याआधीचे असू शकत नाही. तिकिटावर ‘नये पैसे’ असेल तर ते १ एप्रिल १९५७ नंतरचे आहे. पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचे धरावे. आपल्या भागासाठी आणखी एक खूण फार उपयोगाची आहे: १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. पत्त्यात ‘जि. दक्षिण सातारा’ असे असेल तर पत्र बहुधा याच अकरा वर्षांतले. ‘संस्थान सांगली’ असेल तर ते साधारणपणे १९४८ च्या विलीनीकरणापूर्वीचे. लोक जुने पत्ते सवयीने पुढेही लिहीत राहतात, एवढी सावधगिरी मात्र ठेवावी.

पत्राची दुसरी बाजू

घरात सापडतात ती बहुतेक आलेली पत्रे असतात. गेलेली पत्रे दुसऱ्या कोणाच्या घरी असतात. अमेरिकेतील ल्युक्रिशिया मॉट आणि तिची धाकटी बहीण मार्था कॉफिन राइट या दोघी १८४८ च्या सेनेका फॉल्स येथील स्त्री-हक्क परिषदेच्या संयोजकांपैकी होत्या आणि त्यांचा एकमेकींशी पत्रव्यवहार अखंड चाले. ल्युक्रिशियाची पत्रे कुटुंबात एकाकडून दुसऱ्याकडे फिरत, म्हणून तिच्या एकाच पत्रात गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीची बातमी आणि नातवंडांचा ताप शेजारी शेजारी येतात. तिची कागदपत्रे पेनसिल्व्हेनियातील स्वॉर्थमोर कॉलेजच्या फ्रेंड्स हिस्टॉरिकल लायब्ररीत आहेत. ही लायब्ररी १८७१ मध्ये सुरू झाली. मार्थाची मुलगी गॅरिसन घराण्यात दिली होती, त्यामुळे मार्थाकडील कागद गॅरिसन कुटुंबाच्या संग्रहासह मॅसॅच्युसेट्समधील स्मिथ कॉलेजात गेले. मुलीच्या सासरी कागद जाणे हे आपल्याकडेही घडते. तेव्हा दफ्तर लावताना आपल्या घराण्यातील लेकी कोठे दिल्या त्या घरांत चौकशी करावी, आणि तेथील पत्रे मागून आणण्यापेक्षा त्यांचे फोटो घेऊन आपल्या यादीत ‘मूळ प्रत अमुक घरी’ अशी नोंद करावी. मूळ पत्रे त्या घरच्या दफ्तरातून उचलून आणणे म्हणजे एक दफ्तर पुरे करण्यासाठी दुसरे मोडणे होय.

यादी

क्वेकर संग्रहांच्या याद्या स्वॉर्थमोर, तसेच जवळच्याच हॅव्हरफर्ड कॉलेजच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येतात, आणि यादी करायला बसण्यापूर्वी त्यांतील दोन-तीन वाचाव्यात. त्यांत आधी कुटुंबाची थोडक्यात हकिगत असते, मग संग्रहात काय आहे व काय नाही याचे वर्णन, मग तो कसा लावला आहे आणि कोठून आला ते, आणि शेवटी पेटी व फाइल यांचे क्रमांक. संग्रहाचा आकार तेथे ‘लिनियर फूट’ या मापात सांगतात, म्हणजे फळीवर तो किती फूट जागा व्यापतो. प्रत्येक पत्राचा सारांश तेथेही नसतो. पुष्कळदा ‘अमक्याने अमकीस, १८२५ ते १८३१’ एवढीच एका फाइलीची नोंद असते. यातून आपण हे घ्यावे की सर्व पत्रे वाचून होईपर्यंत यादी अडवून ठेवू नये. आधी प्रत्येक रुमालाची एका परिच्छेदाची नोंद करावी, ती पुरी झाली की मग पत्रागणिक क्रमांक, तारीख, लिहिणारा, ज्याला लिहिले तो, गाव, लिपी आणि एक-दोन ओळींचा विषय अशी एक्सेलमध्ये किंवा वहीत भर घालावी. ज्याचा उलगडा झाला नाही तेथे तसे लिहावे. अंदाज लिहिल्यास प्रश्नचिन्ह ठेवावे.

स्कॅन करताना किमान ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) ठेवावे, दोन्ही बाजू व पाकीट घ्यावे, आणि फाइलीला पत्राचाच क्रमांक द्यावा. टपालखर्च वाचवण्यासाठी एकदा लिहिलेला कागद आडवा धरून त्याच मजकुरावर काटकोनात पुन्हा लिहिण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी पत्रांत आढळते. आपल्याकडे कार्डाच्या समासात आणि पत्त्याच्या बाजूस उलटे-सुलटे लिहिलेले असते. असे कागद फिरवून दोन वेळा स्कॅन केल्यास वाचन सोपे जाते.

पाणी, कसर आणि जागा

सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. त्यामुळे तेथील कोणत्याही घराने पत्रे तळमजल्यावर ठेवू नयेत. पत्र्याच्या छपराखालचा माळाही उन्हाळ्यातील उष्णतेमुळे योग्य नाही. वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून थोडे दूर ठेवलेले लोखंडी कपाट ही घरातील सर्वांत बरी जागा. आम्लविरहित कागदाचे फोल्डर मिळाले तर घ्यावेत. न मिळाल्यास खळ काढून स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात बांधावे. प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशवीत दमट कागद कायमचा ठेवू नये. डांबराच्या गोळ्या कागदावर टाकू नयेत. कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड ठेवायचेच असेल तर कापडी पुरचुंडीत, कागदाला स्पर्श होणार नाही असे ठेवावे आणि पावसाळ्याच्या आधी व नंतर प्रत्येक पुडके उघडून पाहावे, कारण कसर आणि वाळवी यांवर नियमित पाहणीसारखा उपाय नाही.

पत्रे भिजलीच तर चिकटलेले पान ओढून सुटे करू नये आणि उन्हात तर मुळीच वाळवू नये. साधारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून जेवढी पत्रे लगेच हाताळता येतील तेवढी सावलीत, पंख्याखाली, कोऱ्या टिपकागदावर पसरावीत व टिपकागद बदलत राहावा. उरलेली पुडकी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवावीत, म्हणजे बुरशी थांबते आणि सवड मिळते. फाउंटन पेनची शाई पाण्यात पसरते, पेन्सिलीचे अक्षर बहुधा टिकते, आणि जुनी काजळाची शाई पसरली नाही तरी ओली असताना बोट लागले की पुसली जाते. म्हणून ओल्या अक्षरावर दाब देऊ नये.

दुसऱ्यांना दाखवणे आणि सोपवणे

घरगुती पत्रांत आजार, कर्ज, मोडलेली लग्ने, जातीवरून झालेले बोलणे असे बरेच काही असते. एलिझाबेथ फ्रायच्या मृत्यूनंतर तिच्या दोन मुलींनी १८४७ मध्ये तिच्या रोजनिशीतील निवडक भाग छापला. मूळ वह्या टिकल्या म्हणून पुढच्या अभ्यासकांना तिच्या मनातील शंका आणि थकवा वाचता आला. यावरून असे म्हणता येते की छापताना गाळणे समजण्यासारखे आहे, पण मूळ कागद नष्ट करू नये. ज्यांतील माणसे हयात आहेत ती पत्रे वेगळ्या लिफाफ्यात बंद करून त्यावर अमुक सालापर्यंत उघडू नये असे लिहावे, आणि यादीत त्यांची नोंद ठेवावी. हेही लक्षात ठेवावे की कागद ज्याला पत्र आले त्याच्या मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क कायद्याने लिहिणाऱ्याचा व त्याच्या वारसांचा असतो. म्हणून छापण्यापूर्वी किंवा समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी.

पुढच्या पिढीत सांभाळणारे कोणी नसेल तर दफ्तर संस्थेला द्यावे. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, डेक्कन कॉलेज, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ यांच्याकडे चौकशी करावी. गावच्या जुन्या वाचनालयाकडेही करावी, पण तेथे कोरडी जागा व जबाबदार माणूस आहे हे स्वतः पाहून मगच. पारसनिसांचा साताऱ्याचा संग्रह १९३९ मध्ये पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. तो तेथे सुरक्षित राहिला हे चांगलेच झाले, पण साताऱ्याच्या विद्यार्थ्याला आपल्याच गावचे कागद पाहण्यास पुण्याला जावे लागते. म्हणून देताना स्कॅनचा एक संच आणि यादीची एक प्रत तालुक्याच्या ठिकाणी ठेवण्याचा आग्रह धरावा. देणगीचा लेखी कागद करावा. त्यात काय दिले, दफ्तर एकत्र राहील व त्याचे तुकडे होणार नाहीत, कोणती पत्रे कोणत्या वर्षापर्यंत बंद राहतील, अभ्यासकांना ते कोणत्या अटींवर पाहता येईल, आणि संस्थेला ते ठेवणे अशक्य झाल्यास ते प्रथम कुटुंबाला विचारल्याशिवाय अन्यत्र जाणार नाही, ही कलमे असावीत. त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात आणि माणसांची यादी त्याला जोडलेली असावी.